वेळच नाही, तर प्लॅनिंग कधी करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कंपनी चालवणाऱ्यांना मी सल्ला देतो, त्या कोचिंगच्या पहिल्याच भेटीत बहुतेक कंपनीप्रमुख हेच म्हणतात: "अहो, मला मान वर करायला फुरसत नाही आणि तुम्ही म्हणता दोन दिवस सगळं बाजूला ठेवून पुढच्या तीन वर्षांचा विचार करा. जमायचं कसं?"

मी वाद घालत नाही, एक वही देतो. आठवडाभर जो कोणी काही विचारायला येईल त्याची एक ओळ लिहायची. कोण आलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत, एवढंच.

एका संचालकांची वही अजून डोळ्यांसमोर आहे. सोमवारचं अक्षर वळणदार, गुरुवारी नुसते कावळ्याचे पाय. "गाडी आज पाठवू की उद्या?" "रजा मंजूर करू ना?" "गिऱ्हाईक दोन टक्के सूट मागतंय." "प्रिंटर बिघडलाय." शनिवारी शेजारी बसून आम्ही एकेका ओळीपुढे खूण करत गेलो: हे दुसऱ्या कुणाला ठरवता आलं असतं का? ७३ ओळींतल्या ११ उरल्या. बराच वेळ ते पानं मागेपुढे करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी दिवसभर करतो तरी काय?"

हे दुखणं त्यांच्या एकट्याचं नाही. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनेडियन अभ्यासकाने पाच संस्थाप्रमुखांसोबत प्रत्येकी एक आठवडा राहून नोंदी केल्या आणि १९७३ साली त्या मांडल्या. त्या प्रमुखांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकणारी होती. आणि तेव्हा खिशात मोबाइलही नव्हता!

तेव्हा वेळ नाही ही तक्रार खरीच आहे, पण माझ्या मते रोग दुसरीकडे आहे. "साहेबांना विचारून सांगतो" हे वाक्य ज्या ऑफिसात दिवसभर ऐकू येतं, तिथे साहेबांना वेळ उरणार कुठून? आणि खरं सांगायचं तर साहेबांना ते वाक्य आवडतही असतं. कुणी विचारायला आलंच नाही की चुकल्यासारखं वाटतं.

म्हणून प्लॅनिंगची सुरुवात मी आता त्या वहीपासूनच करतो. पूर्वी नव्हतो करत. एका कंपनीला मी चाळीस पानांची पंचवार्षिक योजना करून दिली होती. आलेख, रंगीत तक्ते, सगळं. वर्षभराने गेलो तर ती खणात जशीच्या तशी, स्पायरलसुद्धा वाकलेली नाही. चूक माझीच. कोणती कामं सोडायची आणि कोणते निर्णय कुणी घ्यायचे, यावर त्यात एक ओळ नव्हती.

सोडण्याचं सगळ्यात अवघड जातं. १९८५ साली इंटेल ही अमेरिकन कंपनी मेमरी चिपच्या, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती साठवणाऱ्या चिपच्या, धंद्यात मार खात होती. जपानी कंपन्या पुढे गेल्या होत्या, पण कंपनी उभी राहिली होती तीच मेमरीवर. इंटेलचा प्रेसिडेंट अँडी ग्रोव्हने कंपनीचा तेव्हाचा प्रमुख गॉर्डन मूरला विचारलं, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं ग्रोव्हचं म्हणणं. हा प्रश्न मी दोन दिवसांच्या बैठकीत दुसऱ्या दिवशी सकाळी टाकतो. पहिल्या दिवशी टाकून उपयोग नसतो, लोक अजून फोनच बघत असतात.

त्या संचालकांनी पुढे सूट, रजा आणि रोजच्या खरेदीची मर्यादा ठरवून दिली. मर्यादेतलं मॅनेजरनेच बघायचं. परवा त्यांचा फोन आला. मॅनेजरने एका गिऱ्हाइकाला सूट जरा सढळ हाताने दिली होती. "मर्यादेत होती म्हणून गप्प बसलो, पण मी असतो तर एवढी गेली नसती." तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, एक मिनिट होतं का?"

"या, या," ते म्हणाले, आणि मला होल्डवर ठेवलं.