डक्सफर्डला जाताय? आधी आभाळ बघा

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बिग बेनसमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "आता एखादं इंजिन दाखव." मग केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड विमानतळावरचं विमानांचं संग्रहालय ठरलं.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून गाडी पकडून व्हिट्लस्फर्ड पार्कवेला उतरायचं. तिथून संग्रहालय तीनेक मैल. बस मिळेल या माझ्या भरवशावर आम्ही अर्धा तास वाऱ्यात कुडकुडलो. टॅक्सी आधीच सांगून ठेवा. तिघं-चौघं असाल तर सरळ कार घ्या, एम११ महामार्गाला अगदी लागून आहे.

स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान जगात बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतं, पण ब्रिटिश हवाई दलाला पहिलं स्पिटफायर मिळालं ते ऑगस्ट १९३८ मध्ये, इथल्याच १९ नंबरच्या स्क्वाड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला. त्याच स्क्वाड्रनचं 'एन३२००' नंबरचं स्पिटफायर मे १९४० मध्ये डंकर्कच्या लढाईत गोळ्या लागून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरवावं लागलं. वैमानिक कैद झाला, विमान वाळूत रुतत गेलं, ते १९८६ मध्ये वर आलं. २०१४ मध्ये ते पुन्हा उडालं! बाबांना कौतुक वाटलं, पण शंकाही आली: "पन्नासेक वर्षं खाऱ्या वाळूत? मग पत्रा नवा, रिव्हेट नवे. वाडा पाडून बांधायचा, तुळई तेवढी जुनी ठेवायची, तसलं काम." मला ते पटलं. तरी तो वाडा बघायलाच हवा. उडती विमानं कधी बाहेरगावी असतात, कधी दुरुस्तीला, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा.

हँगरमध्ये स्पिटफायरच्या एका मर्लिन इंजिनाखाली तेलाचा ट्रे ठेवला होता. बाबा वाकून बघत म्हणाले, "गळतंय म्हणजे आत तेल आहे." नंतर बाहेर दोन आसनी स्पिटफायर सुरू झालं. पंखा दोनदा अडखळला, धुरांड्यांतून निळसर धूर फुटला आणि बाराही सिलिंडर एका सुरात लागले. सत्तावीस लिटरचं इंजिन छातीत घुमतं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "एक पण मिसिंग नाही." त्यात बसायला हजारो पौंड पडतात हे कळल्यावर त्यांनी चहाचा विषय काढला.

पाऊस किंवा फार खाली आलेले ढग असतील तर हे बहुधा दिसणार नाही, म्हणून तिकिटाआधी हवामान बघा. आवार जवळपास मैलभर लांब आहे. उन्हाळ्यातही स्वेटर आणि चालायचे बूट हवेत. डबा नेलात तर बाहेरच्या बाकांवर खाता येतो.

डबा खाताना मी बाबांना १५२ नंबरच्या स्क्वाड्रनबद्दल सांगितलं. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मनांशी झालेल्या लढाईत (बॅटल ऑफ ब्रिटन) स्पिटफायर उडवणाऱ्या त्या तुकडीचं नावच 'हैदराबाद', कारण पैसे निजामाने दिलेले. आमचं मूळ गाव नांदेडकडचं. बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे आमच्या आज्याचा शेतसारासुद्धा उडाला म्हणायचा!"