‘पे’ न गाळता

नागपुरात पाली शिकवताना मुलांची एक तक्रार ठरलेली असते: सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाठांत, तेच तेच फार येतं. छापील प्रतींतही पुन्हा येणारा मजकूर गाळून तिथे ‘…पे…’ छापतात. डोळ्यांनी वाचणाऱ्याचं त्यावर भागतं.

त्या वर्षी वर्गात पूर्ण अंध असलेला एक विद्यार्थी होता. भंडाऱ्याकडचा, लहानपणापासून विहारात वंदना म्हणत आलेला. धडे मोबाइलकडून वाचून घ्यायचा. संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहातलं धम्मचक्कप्पवत्तनसुत्त, म्हणजे सारनाथला पाच भिक्खूंपुढे झालेला पहिला उपदेश, चालू होतं. तो म्हणाला, “सर, मला नुसतं ‘पुब्बे पे उदपादि’ ऐकू येतं. मधलं म्हणून दाखवा ना.”

मी पुस्तक मिटलं आणि काहीही न गाळता म्हणू लागलो. चार आर्यसत्यं, प्रत्येकाचे तीन फेरे. त्यामुळे ‘चक्खुं उदपादि, ञाणं उदपादि, पञ्ञा उदपादि, विज्जा उदपादि, आलोको उदपादि’ (दृष्टी, ज्ञान, प्रज्ञा, विद्या, प्रकाश उत्पन्न झाला) हे बारा वेळा येतं. पहिलं सत्य संपेपर्यंत त्याचे ओठ हलू लागले होते. चौथ्याला मी फक्त बदलणारा भाग सांगत होतो, बाकीचं तोच खणखणीत म्हणत होता. सोबत म्हणणाऱ्या एका मुलीने ‘आलोको’ आधी घेतलं, तसं त्याने तिला थांबवलं. “ताई, ते शेवटी. आधीचे चारही दोन अक्षरी, हा एकटाच तीन अक्षरी. मध्ये आला की जीभ अडखळते.”

सुत्तांतल्या शब्दमालिकांत आखूड शब्द आधी आणि लांब नंतर येतात, हे अभ्यासकांनी बारकाईने मोजून दाखवलंय. या मुलाला ते कानाने सापडलं! तिपिटक, म्हणजे पाली धर्मग्रंथांचा सगळा संग्रह, लिहून काढलं गेलं ते श्रीलंकेत, वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. तोवर दीघभाणक, मज्झिमभाणक अशा भिक्खूंनी एकेक निकाय, म्हणजे सुत्तांचा एकेक संग्रह, मुखोद्गत ठेवला. एकट्या मज्झिमनिकायात 152 सुत्तं आहेत! समूहात म्हणताना कुणाचा शब्द घसरला की शेजाऱ्याला तिथल्या तिथे कळायचं, ते याच ठेक्यामुळे आणि पुनरुक्तीमुळे.

तास संपल्यावर त्याने महासतिपट्ठानसुत्त असंच पूर्ण मागितलं. ‘इति अज्झत्तं वा’ची आवर्तनं एकही न गाळता मी ते सध्या ध्वनिमुद्रित करतोय. पालीच्या प्रत्येक अभ्यासक्रमाबरोबर असा सबंध पाठ मुलांना ऐकायला मिळालाच पाहिजे, डोळस मुलांनासुद्धा.