ढेकूण कुणी आणले?

झुरळांसाठी फोन करणारी माणसं मोठ्यानं बोलतात, ढेकणांसाठी करणारी कुजबुजतात. डोंबिवलीच्या त्या काकूंनी तर फोनवरच बजावलं, "कंपनीचा शर्ट घालून येऊ नका. आणि कुणी विचारलंच, तर वाळवीचं काम आहे म्हणून सांगा." वाळवी लोकांना चालते. ढेकूण म्हटलं की घरच घाणेरडं ठरतं. वास्तविक ढेकणाला घाणीशी देणंघेणं नसतं. त्याला प्यायला रक्त लागतं आणि दडायला फट.

घर लख्ख होतं. मी चपला काढेपर्यंत काकूंनी निकाल सांगूनही टाकला, "सून माहेरी जाऊन आली, तिच्या बॅगेतून आले."

सून स्वयंपाकघराच्या दारात बाह्या खाली ओढून उभी होती. हातावर गांधी उठलेल्या, दोन-तीन एका ओळीत. आधी पित्त समजून गोळ्या झाल्या होत्या, मग खरजेचं मलम. बाकी कुणाच्या अंगावर काहीच नाही, म्हणजे काकूंच्या दृष्टीनं पुरावा भक्कम.

आधी ती बॅगच घेतली. चेन, आतल्या शिवणी, चाकांच्या खोबणी, सगळीकडे टॉर्च मारला. स्वच्छ होती. मग सुनेच्या खोलीतला पलंग. गादीच्या शिवणीवर काळे ठिपके होते. ओल्या कापसानं पुसले तर तांबूस पसरले, म्हणजे पचलेलं रक्त. थोडे जिवंत ढेकूणही मिळाले. पण टाकलेल्या काती जवळजवळ नव्हत्या. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं, आणि दर वेळी त्याआधी त्याला रक्त प्यावं लागतं. जिथे जुना मुक्काम असतो तिथे लहानमोठ्या कातींचा खच पडतो. इथली वस्ती नवी होती. मूळ घरात दुसरीकडे कुठेतरी होतं.

"बाहेरच्या खोलीत कोण झोपतं?"

"मामंजी," काकू म्हणाल्या. "पण त्यांना काहीच चावत नाही हो."

आजोबांचा दिवाण फारसा खराब नव्हता. शेजारी त्यांची आरामखुर्ची होती, जुनी, सागवानी, पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची. त्यांची दुपारची झोपही तिथे आणि रात्री उशिरापर्यंतचं वाचनही. कापडाच्या वरच्या नेफ्यातला दांडा मी हळूच ओढला. अर्धा बाहेर आला आणि त्याच्याबरोबर तो ओळखीचा उग्र, गोडसर वास. नेफ्याच्या आत मसुराएवढे तपकिरी चपटे ढेकूण एकमेकांवर चढलेले, मध्ये फिकट पिल्लं, आणि कापडाच्या विणीला चिकटलेली मिलिमीटरभर पांढरी अंडी. कातींचा तर भुगा झाला होता.

"मला तर काही चावत नाही," आजोबा म्हणाले. चावत होते, रोज चावत होते. पण चावा प्रत्येकाच्या अंगावर उठतोच असं नाही, वयस्कर माणसांच्या तर बऱ्याचदा नाहीच उठत. ज्याच्या अंगावर गांधी दिसतात, त्यानंच ढेकूण आणले असं घरोघरी ठरतं. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आजोबा आणि खुर्ची एकाच टेम्पोतून डोंबिवलीत आले होते. सून या घरात आली ती त्यानंतर.

काकू काही बोलल्या नाहीत. मुलगा मात्र कपाटावरून एक डबा घेऊन आला. "ह्या गोळ्या ठेवून घर बंद केलं तर?" धान्याच्या कोठारात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, कुणा ओळखीच्यानं दिलेल्या. त्या क्षणी मात्र माझा आवाज चढला. हवेतल्या दमटपणानं या गोळ्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही, आणि तो फटींतून शेजाऱ्याच्या घरातही जातो. ढेकणांसाठी ठेवलेल्या गोळ्यांनी माणसं दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. डबा न उघडता जिथून आणला तिथे परत करायला लावला.

पुढचं काम कंटाळवाणं, पण खरं काम तेच. खुर्चीचं कापड पिशवीत बांधून थेट उकळत्या पाण्यात. पलंग पूर्ण खोलला, कारण स्क्रूच्या भोकात पिल्लं बसतात. शिवणींवरून वाफ सावकाश फिरवली. घाई केली की वाफेच्या झोतानं ढेकूण मरण्याऐवजी उडून बाजूला पडतात. फटींत औषध मारलं. नुसत्या फवारणीवर माझा भरवसा नाही, नेहमीच्या औषधांना ढेकूण आता बरेच निर्ढावलेत. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायला सांगितले.

"दोन आठवड्यांनी परत येतो. तोवर उरलेली अंडी फुटलेली असतील."

"म्हणजे पैसे दोनदा?" काकूंना कंठ फुटला. दोन्ही खेपांचे मिळूनच सांगितलेत, हे पटवायला चहा संपेपर्यंत वेळ गेला.

दुसऱ्या खेपेला खुर्ची कोरी होती. पलंगाच्या एका सांध्यात एक पिल्लू मिळालं, तिथे पुन्हा वाफ दिली. सुनेचे हात निवळले होते. मी सामान आवरत असताना काकू जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "चाळीत आमच्या खोलीत कधीच नव्हते हं. शेजारच्या बिऱ्हाडाकडून आले असणार."