आमची वाटचाल : शून्य केबीचा बॅकअप

दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो म्हटलं की लोक विचारतात, त्यात एवढं काय असतं? लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, झालं. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटायचं. पण कोल्हापूरकडच्या गावांत दहा दिवसांचं बिल चुकलं, तर सचिवाला चौकातून जाणं मुश्किल होतं.

बिल दोन दिवसांवर असताना एका सचिवांचा सकाळी सहाला फोन आला. "साहेब, मशीन उघडंना झालंय." रात्री लाईट गेलेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. मायएसक्यूएल, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारा डेटाबेस, सुरूच होईना. त्यातला डेटा साठवणारा भाग इनोडीबी; बिघाड असूनही तो जबरदस्तीनं सुरू करायच्या 'फोर्स रिकव्हरी'ला 1 ते 6 पायऱ्या आहेत. 4 पासून पुढे उरलासुरला डेटाही कायमचा बिघडू शकतो. म्हणून आधी अख्खं फोल्डर कॉपी केलं आणि कॉपीवरच प्रयोग केले. 3 पर्यंत काही हललं नाही.

पेन ड्राइव्हवर रोजचा बॅकअप होता. तारीखवार, आणि 0 केबीचा! ड्राइव्ह भरला होता, तरी आमचा प्रोग्रॅम हिरव्या अक्षरांत 'बॅकअप पूर्ण' दाखवत होता. चूक निखळ आमची. शेवटची धड फाईल एकोणीस दिवसांपूर्वीची.

मायएसक्यूएलच्या 5.7 आवृत्तीत बिनलॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) मुद्दाम चालू करावा लागतो. नशिबानं आम्ही केला होता, तोही दुसऱ्या डिस्कवर. जुना डंप, म्हणजे ती एकोणीस दिवसांपूर्वीची बॅकअप फाईल, चढवला, त्यावर एकेक बिनलॉग चालवत गेलो. मध्येच एरर 1032, रेकॉर्ड सापडत नाही. बघतो तर मधली एक फाईलच गायब. सगळ्यात मोठी दिसली म्हणून ऑपरेटर पोरानं जागा करायला उडवलेली. चार वेळच्या दुधाच्या नोंदी गेल्या, आणि पुढच्या लॉगमधल्या दुरुस्त्या नेमक्या त्याच नोंदी शोधत होत्या.

राहिल्या दूध घालताना लोकांना मिळालेल्या पावत्या. (त्या बंद करून एसएमएस सुरू करा, असं आम्हीच महिन्यापूर्वी सुचवलं होतं.) सचिवांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं. संध्याकाळी टेबलावर ढीग: दुधानं चिकटलेल्या, खिशात धुतलेल्या, एका आजींच्या तर दोऱ्यात ओवलेल्या. पावती क्रमांक हीच आमची प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख), त्यामुळे हातानं भरलेल्या नोंदी बरोब्बर रिकाम्या जागी बसल्या आणि पुढचा लॉग सुरळीत चालला.

सात पावत्या मिळाल्याच नाहीत. त्यांचं दूध आदल्या दिवसांच्या सरासरीनं धरलं. तिघे भांडले; एक जण म्हणाला, जास्तच धरलंय.

बिल एक दिवस उशिरा निघालं. त्या महिन्याचे देखभालीचे पैसे आम्ही मागितले नाहीत, सचिवांनीही विषय काढला नाही.