पीटीच्या तासाला कुणीच बाहेर बसायचं नाही

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं, आपल्या शाळेनं काय दिलं, असं कुणी विचारलं की मी आधी पीटीच्या तासाचं नाव घेते. वाचनालय, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलनं यांचं ऋण आहेच. पण मी आज लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजची कामं जड जाणाऱ्या मुलांना ती जमवायला मदत करण्याचं, काम करते आणि या कामाचा पाया कॉलेजच्या आधी आपल्या मैदानावर घातला गेला, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या वर्गात पन्नास मुलं होती. खेळाच्या सरांचा दंडक असा की तासाला कुणी रांगेत ताटकळायचं नाही. त्याचं गणित ते आम्हालाच घालायचे. पन्नास मुलं, एक चेंडू आणि ३५ मिनिटांचा तास, तर एकेकाच्या हातात चेंडू किती वेळ येईल? उत्तर यायचं ४२ सेकंद. म्हणून ते वर्गाचे गट पाडायचे. एक गट लंगडीला, एक दोरीच्या उड्यांना, एक भिंतीवर चेंडू मारून झेलायला, एक खो-खोच्या पाटीवर, तर एक दोरीच्या मल्लखांबाकडे. शिट्टी झाली की गटांची अदलाबदल. लंगडीत बाद झालेल्यानं कडेला बसायचं नाही, लगेच शेजारच्या डावात जायचं. याचं मोल मला आता कळतं. बाद झाला की बाहेर, अशा खेळात सगळ्यात आधी कोण बाहेर जातं? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते तोच. मग उरलेला तास तो इतरांचा खेळ बघत बसतो.

खो-खोत सर पळण्यापेक्षा उठण्यावर जास्त वेळ घालवायचे. पाटीवर आठ जण आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पळणाऱ्या गड्यामागे. बसताना एक पाय पुढे, दुसरा मागे, वजन चवड्यांवर, बोटं जमिनीला टेकलेली. पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ पडल्याशिवाय जागचं हलायचं नाही, आणि पडल्यावर मात्र क्षणाचाही उशीर नको. कधी कधी ते आम्हाला डोळे मिटून बसायला लावायचे आणि नुसत्या थापेवर उठवायचे. आपला पाय कुठे आहे, भार कुठल्या बाजूला आहे, हे न बघता कळायला हवं, यासाठी तो खटाटोप. स्नायू आणि सांधे मेंदूला सतत ही खबर देत असतात. ती घेऊन हालचाल किती जोरात, कधी सुरू करायची आणि कुठे थांबवायची याचा मेळ बसवण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. हा मेळ समजावून सांगून बसत नाही. करून, चुकून, पुन्हा करूनच बसतो.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. चेंडू अंगावर आला की तोंड फिरवायचा, बुटाची नाडी बांधता यायची नाही, अक्षर ओळ सोडून पळायचं. अभ्यासात हुशार. पण गडी निवडताना तो नेहमी शेवटी उरायचा, म्हणून सरांनी गडी निवडायची पद्धतच बंद केली. त्याला त्यांनी आधी अर्धवट हवा भरलेला मोठा चेंडू दिला. तो दोन पावलांवरून, एक टप्पा पाडून झेलायचा. मग टप्पा न पाडता, मग अंतर वाढवून, मग लहान चेंडू. “चेंडू हातात येईपर्यंत बघ,” एवढं एकच वाक्य ते त्याला सांगायचे. वर्ष सरता सरता तो भिंतीवरून परतलेला रबरी चेंडू झेलू लागला आणि पुढे खो-खोच्या पाटीवर आमच्याबरोबर बसू लागला.

अशा मुलांच्या अडचणीला वैद्यकात आज ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’, म्हणजे वाढीच्या वयात हालचालींचा मेळ बसायला जड जाणं, म्हणतात. शाळकरी वयात शंभरातल्या पाच-सहा मुलांना ती असते, म्हणजे पन्नासच्या वर्गात दोन-तीन जण. तो आळस नसतो आणि बुद्धीचाही त्याच्याशी संबंध नसतो. आई-बाबा अशा मुलाला माझ्याकडे घेऊन येतात तेव्हा मी कामाचे लहान लहान तुकडे पाडते आणि आधी त्याला जमेल असा तुकडा देते. अगदी सरांसारखंच. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोरीवर चढल्यानं अक्षर आपोआप सुधारत नाही, अक्षरासाठी लिहायलाच लागतं. पण पाठ आणि खांदे सावरता न येणारं मूल बाकावर लवकर रेलतं, आणि मग हात लिहिणार कसा?

आठवीत गेल्यावर आमच्यातल्या कित्येक मुलींचं मैदान सुटायला लागलं. “आता मोठी झालीस” हे घरोघरी ऐकू येत होतं. सर आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, “वहिनी, हाडं भरायचं हेच वय. आत्ता खेळ सोडवू नका.” शास्त्रही तेच सांगतं. हाडांमध्ये खनिजांचा मोठा साठा वयात येण्याच्या आगेमागेच होतो आणि उड्या, धावणं, शरीराचा भार पेलणं यांनी तो वाढतो. याच वयात हातपाय झपाट्यानं लांबतात, जमणाऱ्या गोष्टीही काही दिवस चुकायला लागतात. तेव्हा खेळ सुटला तर पुष्कळदा तो कायमचा सुटतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी तो जिंकला, आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. ती बातमी मी आईला फोन करून सांगितली.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. शाळेतला पीटीचा एक तास त्याला पुरा पडत नाहीच. परीक्षा जवळ आली की तोही गणित-इंग्रजीला दिला जातो, आणि हे मला अजिबात पटत नाही. ज्यांच्या सोसायटीत अंगण नाही आणि ज्यांना क्लासला घालायला पैसे नाहीत, त्या मुलांचं मैदान म्हणजे शाळेचंच मैदान.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं माजी विद्यार्थी संघाला एक विनंती. देणगीतला काही भाग कमानीऐवजी रबरी चेंडू, उड्यांच्या दोऱ्या आणि मल्लखांबाच्या नव्या दोरीसाठी ठेवावा, पहिलीच्या प्रत्येक मुलामागे एक चेंडू येईल इतका. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दोन शनिवारी मी स्वतः येते. पहिली-दुसरीच्या बाईंबरोबर एकेका मुलाचं फेकणं, झेलणं, एका पायावर उभं राहणं बघून घेऊ, आणि ज्यांना जड जातंय त्यांच्यासाठी वर्षभराचा सराव तिथंच बसून ठरवू.