दीदी, मी नोकर की मालक?

ट्रकवाला नोकर की मालक हे कसं ठरतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्टॉकटनला, कॅलिफोर्नियात, मी लोकांची टॅक्स रिटर्नं भरून देते. निम्मी गिऱ्हाइकं ट्रकवाली, बहुतेक पंजाबी. मार्च उजाडला की तोच प्रश्न: "दीदी, मैं कंपनी का आदमी हूँ या अपना मालिक?"

मी उलट विचारते. ट्रक कुणाचा? डिझेल कुणाच्या कार्डावर? लोड नको म्हणालास तर चालतं?

गेल्या वर्षी एक पोरगा आला. ट्रक कंपनीचा, विमा कंपनीचा, लोड वाटणारा डिस्पॅचर म्हणेल तिकडे जायचं, मैलामागे ठरलेले पैसे. तरी हातात टेन-नाइन्टीनाइन, म्हणजे कंत्राटदाराचा कागद. चेकमधून काही कापत नाहीत म्हणून स्वारी खूश. मी हिशेब मांडला. निव्वळ कमाई ६०,००० डॉलर धरली, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचेच (म्हणजे सरकारी पेन्शन आणि म्हातारपणच्या आरोग्यविम्यासाठीचा कर) सुमारे ८,४७८ डॉलर, प्राप्तिकर वेगळा. नोकर असता तर पगारातून ४,५९० कापले गेले असते आणि तेवढेच कंपनीला भरावे लागले असते. कंपनीने आपला वाटा गुपचूप त्याच्या गळ्यात घातला होता.

आयआरएस, म्हणजे केंद्राचं करखातं, कागदाच्या नावावर जात नाही. काम कसं करायचं हे कोण ठरवतं, खर्च आणि तोटा कुणाच्या अंगावर, हे बघते. स्वतःचा ट्रक, टायर फुटला तर स्वतःचा खिसा, वर्षाला ५५० डॉलरपर्यंतचा अवजड वाहन कर स्वतः भरणारा, तो खरा धंदेवाला. पण ट्रक त्याच कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला असेल, तर मीही चटकन उत्तर देत नाही.

त्यात राज्याचा एबी-५ कायदा: कंपनीने उलट सिद्ध केलं नाही, तर काम करणाऱ्याला नोकरच धरणारा. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याविरुद्धचं ट्रकवाल्यांचं प्रकरण ऐकायला नकार दिला आणि जुलैत ट्रकवाल्यांनी निषेध म्हणून ओकलंड बंदर अडवून धरलं. पण तो कामगार कायदा. केंद्राच्या कराची कसोटी निराळी. एकच माणूस सॅक्रामेंटोच्या, म्हणजे राज्याच्या लेखी नोकर आणि वॉशिंग्टनच्या लेखी धंदेवाला असू शकतो!

त्या पोराला मी एसएस-८ फॉर्म दिला. तो भरला की तुम्ही कोण, हे आयआरएस ठरवते.

"कंपनीला कळेल?"

"कळेल. त्यांनाही विचारतात."

त्याने फॉर्मची घडी घालून खिशात टाकली. यंदा एप्रिलमध्ये धंदेवाल्यांना भरावा लागणारा कराचा तिमाही हप्ता भरायला वेळेवर आला. फॉर्मचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.