ऑटोमॅटिक गिअर स्लिप होतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा चढतो, इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने ओढत नाही. हे बहुधा पुण्याजवळच्या कात्रज किंवा बोपदेव घाटाच्या चढावर आधी जाणवतं, कारण क्लचवर खरा भार तिथे येतो. लगेच गॅरेजवाला ऑइल बदलायला निघतो. तसं करू देऊ नका. कोणत्या गिअरमध्ये, गाडी गार असताना की तापल्यावर, आणि किती आरपीएमला स्लिप होतं, हे आधी लिहून काढा. ऑइल बदललं की लक्षणंही बदलतात आणि मूळ दोष शोधणं अवघड होतं.

आधी गिअरबॉक्सचा प्रकार बघा. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्याऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाची यंत्रणा करते. त्यात स्लिप म्हणजे बहुतेक वेळा क्लचप्लेट झिजलेली. नवी बसवल्यावर स्कॅनर लावून क्लच लर्निंग (गाडीच्या कंप्युटरला नव्या क्लचची ओळख करून देणं) करावंच लागतं. सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी बेल्ट आणि पुली असलेल्या गिअरबॉक्समध्ये) मात्र आरपीएम आधी चढणं आणि वेग मागून येणं हा दोष नाही, तो त्याचा स्वभावच आहे. या गैरसमजापायी लोक चांगले गिअरबॉक्स खोलायला देतात. मॅन्युअल मोड असेल तर एक स्टेप धरून हळूहळू वेग वाढवा. वेग आणि आरपीएम एकाच प्रमाणात वाढत असतील तर बेल्ट धरतोय.

आता टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणारी. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या पुढे सपाट, मोकळा पट्टा मिळाला की गाडी पूर्ण तापलेली असताना ताशी ७० च्या आसपास हलक्या पायाने चालवा. मागे वाहन नसल्याची खात्री करा आणि अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडल नुसतं टेकवा. लॉक-अप (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच) सुटतो आणि आरपीएम थोडा वर जातो. काहीच फरक पडला नाही, तर लॉक-अप मुळात लागलेलाच नसावा. स्कॅनरवर पी०७४१ कोड दिसला तर संशय पक्का होतो. हा दोष कन्व्हर्टरचा किंवा त्याच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या व्हॉल्व्हचा) असू शकतो, त्यासाठी सगळा गिअरबॉक्स खोलायची गरज नाही.

गिअरचं स्लिप गणिताने पकडता येतं. चौथ्यात लॉक-अप लागलेला असताना ६० ला २००० आरपीएम असेल, तर ८० ला साधारण २६७० हवा. तिथे ३००० दिसत असेल, तर एक तर लॉक-अप सुटलाय किंवा क्लच घसरतोय. म्हणून स्कॅनरवर टर्बाइनचा (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूचा) आणि आउटपुट शाफ्टचा वेग एकत्र बघा. त्यांचं गुणोत्तर त्या गिअरच्या ठरलेल्या आकड्याशी जुळलंच पाहिजे. पी०७३१ ते पी०७३५ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या गिअरचं गुणोत्तर चुकल्याचं सांगतात.

एक-दोन गिअरच स्लिप होत असतील तर त्या गिअरांचा सामायिक क्लच पॅक (क्लचच्या चकत्यांचा संच) किंवा त्याचा सोलेनॉइड बघायचा. सगळेच होत असतील तर ऑइल कमी, फिल्टर चोंदलेला किंवा पंपाचा दाब कमी. सकाळी गार असताना स्लिप आणि तापल्यावर ठीक, तर पिस्टनची सीलं कडक झाली असण्याची शक्यता जास्त. उलट, सिंहगड रोडच्या गर्दीत तासभर अडकल्यावरच सुरू होत असेल, तर ऑइल पातळ होऊन व्हॉल्व्ह बॉडीतून (ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागातून) किंवा झिजलेल्या सीलमधून दाब गळतोय. एनमधून डीला टाकल्यावर गिअर धरायला दोन सेकंदांहून जास्त लागत असतील, तर तीही नोंद करा.

लेव्हल बघताना गाडी सपाट जागी आणि बहुतेक मॉडेलांत इंजिन चालू हवं. आजच्या अनेक गाड्यांना डिपस्टिकच नसते. ऑइल ठरावीक तापमानाला आणून, खालचा प्लग उघडून लेव्हल बघतात. तापमान न मोजता प्लग उघडणाऱ्याला थांबवा, कारण तापल्यावर ऑइल फुगतं आणि अंदाज चुकतो. ऑइल तपकिरी आणि जळका वास असेल तर क्लचचं अस्तर जळालंय. चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं पात्र) उतरवल्यावर त्यातल्या चुंबकावर राखाडी, मऊ थर असणं नेहमीचं आहे. धातूचे कण नखाला टोचत असतील किंवा काळे पापुद्रे निघाले, तर आत मोडतोड आहे आणि नव्या ऑइलने ती भरून निघणार नाही.

ऑइल कमीच निघालं तर गळती शोधूनच भरा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून घेणार असाल तर डब्यावर तुमच्या मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन अक्षरशः जुळवा. रंग सारखा असणं पुरेसं नाही, आणि सीव्हीटीत साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) अजिबात नको. एकदा ड्रेन केल्याने निम्म्याच्या आसपास जुनं ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहतं, हेही धरून चाला.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गिअरमध्ये इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं ते बघणं, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिली असेल तरच: चाकांना ओट (ठोकळे), ब्रेक पूर्ण दाबलेला, फुल थ्रॉटल पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, नंतर न्यूट्रलमध्ये ऑइल निवू द्यायचं. ड्युअल क्लचला (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) ही टेस्ट करू नका. आकडा ठरलेल्यापेक्षा बराच वर गेला तर क्लच घसरतोय, खाली राहिला तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरचा स्टेटर (आतलं ऑइल वळवणारा भाग) गेलाय. त्यानंतर लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब) गेजने मोजायचा. हे आकडे हातात आल्यावरच ओव्हरहॉलची बोलणी करा.

गाडी गॅरेजला न्यायची तर फ्लॅटबेडवर. दोरीने ओढताना इंजिन बंद असतं, पंप फिरत नाही आणि चाकांबरोबर फिरणारे आतले भाग ऑइलाविना कोरडे घासतात.